टेबल, लाख आणि बनारस

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब लढाया सोडून सुतारकामाकडे कधी वळले? या भागाला लढाई नाही असं नाही, पण ती थोडी पुढे येईल. सुरुवात आमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलापासून करतो, कारण या विषयात मी पडलो तो त्या टेबलामुळे, आणि खरं सांगायचं तर मी त्याची जी वाट लावली त्यामुळे.

१९९२ साली माझी बदली वाराणसीला झाली. छावणीतल्या एका मेसमधलं जुनं फर्निचर निकाली काढलं जात होतं. त्यात एक सागवानी टेबल होतं, आठ माणसं बसतील असं. एक पाय डुगडुगत होता आणि वरचं पॉलिश ठिकठिकाणी उडालेलं. लिलावात ते मला अकराशे रुपयांना पडलं. बायको म्हणाली, बदलीच्या नोकरीत एवढं धूड कुठे कुठे नेणार? ते पुढे पाच ठिकाणी नेलं, आणि दर वेळी तिने हे वाक्य न चुकता ऐकवलं.

पाय दुरुस्त झाला. पॉलिशसाठी शेजाऱ्यांनी खोजवाँ भागातला एक म्हातारा मिस्त्री सुचवला. मंडळी, बनारस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घाट येतात. त्यातही मराठी माणसाला भोसले घाट, शिंदे घाट, अहिल्या घाट, दुर्गाघाट-ब्रह्माघाटावरची जुनी मराठी घरं. मीही रविवारी तिकडेच भटकायचो. खोजवाँ आणि काश्मीरीगंज हे दुसरं बनारस आहे. गल्लीत शिरलं की खराद्यांच्या लेथची घरघर ऐकू येते. लाकडी खेळणी, भातुकली, देवादिकांच्या छोट्या मूर्ती आणि सिंधोरा. सिंधोरा म्हणजे लग्नात नवरीला मिळणारी लाकडी कुंकवाची डबी, लाल लाखेने रंगवलेली. आपल्याकडे करंडा असतो तसा. पूर्वांचलातली बाई तो आयुष्यभर जपते.

मिस्त्री सायकलवरून आले. सोबत एक पिशवी. पिशवीत नारिंगी-तपकिरी रंगाच्या काचेसारख्या पातळ पापड्या होत्या. तो चपडा, म्हणजे शुद्ध केलेली लाख. रात्री त्यांनी तो स्पिरिटमध्ये भिजत घातला. सकाळी फुटक्या काचेच्या तुकड्याने जुनं पॉलिश खरवडलं, खडूची भुकटी, काव आणि पिवडी कालवून लाकडाची छिद्रं बुजवली, सँडपेपर मारला. मग कापसाचा गोळा मलमलीच्या फडक्यात बांधून त्याची पुडी केली आणि चपड्यात बुडवून हात फिरवायला लागले. अळशीच्या तेलाचा एखादा थेंब, आणि आठाच्या आकड्यासारखा हात. पाच दिवस. पाचव्या दिवशी टेबलात खिडकी दिसायला लागली.

जाताना मिस्त्रींनी मला तीन गोष्टी बजावल्या. गरम भांडं ठेवू नका, ओलं भांडं ठेवू नका, आणि साहेब, दारू सांडू देऊ नका. मी हसलो. म्हटलं, चाचा, हे टेबल मेसमधून आलंय. ते म्हणाले, म्हणूनच त्याची ही दशा झाली.

त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं, हे मला पुढे वाचताना कळलं. लाख पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. ज्या स्पिरिटमध्ये मिस्त्री ती कालवतात, त्याचाच सौम्य भाऊ रमच्या ग्लासात असतो. ग्लासाच्या बुडाशी दोन थेंब राहिले की पॉलिश मऊ पडतं आणि वर्तुळ उमटतं. शिवाय लाख साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ व्हायला लागते, आणि आपली आमटी तर उकळी फुटल्यावर लगेच टेबलावर येते. अशा नाजूक वस्तूचा थर मेसच्या टेबलांवर शंभर-सव्वाशे वर्षं का चढत राहिला? इथून आपला इतिहास सुरू होतो.

लाख म्हणजे एका किड्याचं घर. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे बारीक किडे हजारोंच्या संख्येने बसतात, रस शोषतात आणि अंगातून राळेसारखा पदार्थ सोडून स्वतःला झाकून घेतात. फांदीवर जाड कवच तयार होतं. ते खरवडून काढलं की कच्ची लाख मिळते. तिच्यात दोन वस्तू असतात, तांबडा रंग आणि राळ. आपल्या बायका पायाला लावायच्या तो अळता मुळात याच रंगाचा.

महाभारतातलं लाक्षागृह सगळ्यांना ठाऊक आहे. ते वारणावतात होतं, वाराणसीत नव्हे. नावाच्या साम्यामुळे माझ्या एका जवानाने मला गंगेकाठी ‘सर, लाक्षागृह इथेच कुठेतरी होतं ना’ असं विचारलं होतं. मला त्या कथेतून एवढंच घ्यायचंय की लाख घरबांधणीत वापरतात आणि ती भडकन पेटते, हे ऐकणाऱ्यांना पूर्वीपासून माहीत होतं. त्याशिवाय कथा उभीच राहत नाही.

पुढचा पुरावा जास्त ठोस आहे. ‘आईने-अकबरी’मध्ये अबुल फजलने चिकांना, म्हणजे बांबूच्या पडद्यांना, लाखेचा रंग देण्याचं प्रमाणच नोंदवलंय. लाल रंगासाठी चार शेर लाखेला एक शेर हिंगूळ. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस लाखेचा लेप हा सरकारी हिशेबात बसलेला विषय होता. फौजेत चाळीस वर्षं रंगाच्या डब्यांचे हिशेब बघितलेल्या माणसाला ही नोंद वाचून बरं वाटतं.

त्याच काळात आपल्या गोव्यात एक डच माणूस राहत होता, यान ह्युगेन व्हान लिन्स्कोटेन. १५८३ ते १५८८ तो तिथल्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. १५९६ साली त्याचा ग्रंथ छापला गेला. त्यात तो लिहितो की इथले कारागीर लाकूड चरकावर फिरवत ठेवतात आणि रंगीत लाखेची कांडी त्यावर टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडाच्या फटींत शिरते. मंडळी, मी खोजवाँच्या गल्लीत नेमकं हेच बघितलंय. पूर्वी दोरीने ओढायचा लेथ आता मोटारीवर चालतो, एवढाच फरक. लाखेची कांडी फिरत्या लाकडाला टेकते, रंग पसरतो, मग केवड्याचं पान दाबून धरतात आणि चकाकी येते. ना ब्रश, ना वाळायची वाट बघणं. आपल्या सावंतवाडीच्या खेळण्यांनाही लाखकामाचीच परंपरा आहे. तिथली गंजिफा आणि लाखकामाची कला मरायला टेकली होती, ती १९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून सावरली. त्यावर स्वतंत्र भाग करायचाय, आज फक्त नाव घेतो.

आता मिर्झापूर. वाराणसीहून गंगेच्या वरच्या अंगाला साधारण साठ किलोमीटरवर. हल्ली हे नाव घेतलं की पोरं बंदुकीच्या मालिकेबद्दल बोलायला लागतात. एकोणिसाव्या शतकात मिर्झापूर उत्तर हिंदुस्थानातली मोठी व्यापारी पेठ होती, आणि तिचं एक टोक आपल्या वऱ्हाडात होतं. नागपूर-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून जबलपूरमार्गे मिर्झापूरला जायचा आणि तिथून नावांनी कलकत्त्याला. १८७० साली मुंबईकडची आणि कलकत्त्याकडची रेल्वे जबलपूरला जोडली गेली आणि हा व्यापार बसला. कापूस सरळ मुंबईला जाऊ लागला. मिर्झापूरच्या हातात जे उरलं त्यात गालिचे होते, पितळी भांडी होती आणि लाख होती. दक्षिणेला विंध्याची जंगलं, पलीकडे छोटा नागपूर. पळस आणि कुसुम भरपूर.

लाखेचं नशीबही याच सुमारास पालटलं. सुरुवातीला युरोपला हवा होता तो लाखेतला तांबडा रंग. कंपनीच्या काळात तो कापड रंगवायला विलायतेला जायचा. राळ ही त्यामानाने दुय्यम. १८५६ साली लंडनमध्ये पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराच्या हातून डांबरापासून जांभळा रंग तयार झाला. पुढच्या काही दशकांत कृत्रिम रंगांनी लाखेचा रंग बाजारातून पार उठवला. कारखान्यात लाख धुतल्यावर जे तांबडं पाणी विकलं जायचं, ते आता नाल्यात सोडावं लागलं. पण राळेला मागणी वाढत गेली, कारण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये फर्निचरला चपड्याची ही पुडी मारण्याची पद्धत रूढ झाली होती. त्यालाच आपण फ्रेंच पॉलिश म्हणतो. नाव फ्रेंच, माल आपला. विलायतेत महोगनीच्या टेबलांवर तो चढला, आणि साहेब लोक इकडे आले तेव्हा त्यांच्याबरोबर छावण्यांच्या मेसमध्येही आला. मिर्झापूरहून निघालेली लाख लंडन फिरून बनारसच्या मेसमध्ये परत आली, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

चपडा बनवायची जुनी पद्धत मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. धुतलेली लाख कापडाच्या एका लांबच लांब, सापासारख्या पिशवीत भरायची. पिशवीचं एक टोक कोळशाच्या धगधगत्या भट्टीपुढे. तिथे कारागीर बसलेला. दुसऱ्या टोकाला लांबवर बसलेला माणूस पिशवी पिळत राहायचा. धगीने लाख वितळून कापडातून पाझरायची, कचरा आत राहायचा. मग तिसरा माणूस तो गरम, चिकट गोळा पसरवून घ्यायचा आणि हात, पाय आणि दात वापरून ताणायचा. हो, दात. दातांत एक कड धरायची, पायाच्या बोटांत दुसरी, आणि ताणून ताणून अंगाएवढा पातळ पडदा करायचा. थंड झाला की त्याचे तुकडे. त्याच त्या नारिंगी पापड्या. मिस्त्रींच्या पिशवीतला चपडा कोणत्या पद्धतीने बनला होता हे मी विचारलं नाही, तेव्हा मला विचारायचं सुचलंही नाही.

आणि आता लढाई. आपल्या आजोबांच्या काळच्या ग्रामोफोनच्या तबकड्या, बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या वगैरे, लाखेच्या होत्या. चपडा, दगडाची भुकटी आणि काजळी. म्हणून तर त्या पडल्या की फुटायच्या. दुसऱ्या महायुद्धात चपड्याची गरज लष्करी कामांना लागली, दारूगोळ्यापासून विजेच्या उपकरणांपर्यंत. माल हिंदुस्थानातून समुद्रमार्गे यायचा आणि समुद्रावर पाणबुड्या. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकेने तबकड्यांसाठी मिळणाऱ्या चपड्यात ७० टक्के कपात केली. लोकांना जुन्या तबकड्या जमा करा, मग नवी घ्या, असं सांगितलं गेलं. झारखंड-मिर्झापूरच्या जंगलातल्या किड्यामुळे न्यूयॉर्कमधलं गाणं अडलं! पुरवठ्याच्या साखळीवर मी प्रशिक्षणात व्याख्यानं दिली आहेत. तेव्हा हे उदाहरण माहीत असतं तर किती बरं झालं असतं.

त्याच महायुद्धाच्या आसपास लाखेचा वैरीही जन्माला आला. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन शोधलं. त्यातूनच पुढे लाकडावरचं ते टणक आवरण आलं, ज्याला आपले पॉलिशवाले नुसतं ‘पीयू’ म्हणतात. १९४८ मध्ये व्हिनाइलच्या तबकड्या आल्या आणि लाखेचा तोही बाजार गेला. रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. आजही लाख गोळ्यांच्या आवरणाला, चॉकलेट-गोळ्यांच्या चकाकीला वापरतात. पण घरातल्या टेबलावरून ती जवळजवळ उतरली.

आमच्या टेबलावरून ती मी उतरवली. २०१९ सालची गोष्ट. निवृत्तीनंतर पुण्यात स्थिरावलो होतो. नातवंडं येणार, टेबलावर भांडी आदळणार, पाणी सांडणार. मिस्त्रींचे तीन नियम कोण पाळणार? ठरवलं, पीयू मारायचं. पॉलिशवाल्या तरुणाने दोन अटी घातल्या, जुना चपडा पूर्ण खरवडायचा, आणि पाऊस संपेपर्यंत थांबायचं. मी दोन्ही मोडल्या. पहिली का मोडली ते पुढे सांगतो. दुसरी मोडली कारण गणपतीत पाहुणे येणार होते.

पंधरा दिवसांत सगळं वर आलं. पीयूच्या थरात बारीक बुडबुडे उठले, कारण त्यातल्या हार्डनरला हवेतली वाफ चालत नाही. पाण्याशी त्याची क्रिया होऊन वायू सुटतो आणि तो थरात अडकतो. शिवाय कडेला नख लावलं की पापडासारखा थर सुटायला लागला. कारण साध्या चपड्यात चार-पाच टक्के मेण असतं आणि मेणावर पीयू धरत नाही. चूक पोराची नव्हती. लेखी हुकूम माझा होता.

आता पहिली अट. टेबलाच्या एका कोपऱ्यात पांढरं वर्तुळ होतं, ग्लासाच्या बुडाएवढं. १९९३च्या हिवाळ्यात माझा एक कोर्समेट काश्मीरला जाताना बनारसला दोन दिवस उतरला होता. मिस्त्रींचा नियम मी त्याला सांगितला, तर त्याने मुद्दाम रमचा ग्लास पुसता टेबलावर ठेवला आणि म्हणाला, बघू तुझ्या चाचाचं पॉलिश. सकाळी वर्तुळ उमटलं होतं. तो त्या पोस्टिंगवरून परतला नाही. बायको रोज टेबल पुसायची, त्या कोपऱ्यावरून फडकं हळू फिरवायची. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. म्हणून मी पोराला म्हटलं, खरवडू नकोस, वरून मार. माझा हिशेब असा की पारदर्शक थराखाली ते वर्तुळ कायमचं सुरक्षित राहील. संग्रहालयात काचेखाली ठेवतात तसं.

डाग दोन प्रकारचे असतात, हे मला नंतर कळलं. काळा डाग लाकडात उतरलेला असतो, पाण्याचा आणि लोखंडाचा. पांढरा डाग लाकडापर्यंत पोचलेलाच नसतो. तो पॉलिशच्या थरात असतो, कागदाहून पातळ थरात. आमचं वर्तुळ लाकडात नव्हतं, लाखेत होतं. सुटणारा पीयू काढायचा म्हणजे खालची लाखही जाणार. पोराने विचारलं, काका, काय करू? मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, टेबल जेवायला असतं.

पाऊस संपल्यावर, नोव्हेंबरात, काम पुन्हा झालं. या वेळी पद्धतशीर. तुम्हाला करायचं असेल तर ऐकून ठेवा. सगळं लाकूड उघडं पडेपर्यंत खरवडायचं. सँडपेपर १२० नंबरपासून सुरू करून १८०, २४०, ३२० असा चढत जायचा, आणि नेहमी रेषांच्या दिशेने, आडवा मारला की ओरखडे पीयूखाली दुप्पट दिसतात. सागाला स्वतःचं तेल असतं, म्हणून थिनरच्या फडक्याने पुसून घ्यायचं. आधी सीलरचे दोन हात, प्रत्येक हातानंतर हलका सँडपेपर, मग वरचे दोन हात. हार्डनर डब्यावर लिहिलेल्या मापानेच घालायचा, अंदाजाने नाही, आणि कालवलेला माल काही तासांतच संपवायचा. तोंडाला नुसता रुमाल नको, चांगला मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा. आणि वरून कोरडं वाटलं तरी आठवडाभर टेबलाला हात लावू नका. हे माझं नाही, पोराचं शहाणपण आहे. मी फक्त या वेळी ऐकलं.

थर चांगला बसला. गरम कुकर ठेवून बघायची माझी हिंमत नाही, पण आमटी सांडली, सरबत सांडलं, नातवाने स्केचपेन चालवलं. फडक्याने सगळं गेलं.

२०२२च्या डिसेंबरात या मालिकेच्या निमित्ताने मी पुन्हा वाराणसीला गेलो. खोजवाँ-काश्मीरीगंजात फिरलो. बनारसच्या लाकडी लाखकामाला आता भौगोलिक मानांकन मिळालंय, दुकानांवर पाट्या आहेत. पूर्वी खराद्यांना जंगलातून कोरैयाचं मऊ लाकूड मिळायचं. ती तोड बंद झाल्यावर बरेच जण निलगिरीवर आले. निलगिरी कडक, चिरते, जुने खरादी तिला शिव्या घालतात. काही ठिकाणी लाखेऐवजी डब्यातला रंग मारलेला दिसला. मिस्त्रींची चौकशी केली. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या मुलाचं मोबाइलचं दुकान आहे. त्याने चहा पाजला. वडिलांची पुडी घरात कुठेतरी असेल म्हणाला, शोधली, सापडली नाही.

परतताना एका खराद्याकडून लाल सिंधोरा घेतला. माझ्यासमोर त्याने लेथवर लाखेची कांडी टेकवली, केवड्याचं पान फिरवलं, आणि दोन मिनिटांत तो चकाकायला लागला. घरी आल्यावर बायकोने तो टेबलाच्या त्याच कोपऱ्यावर ठेवला. मी म्हटलं, जपून, यावर लाख आहे, गरम काही लागू देऊ नकोस. पुढच्या भागात ठरल्याप्रमाणे मिर्झापूर-दख्खन रस्त्याबद्दल बोलू. नकाशा समोर ठेवा. नमस्कार.